शून्य कणांची रेघ

प्रशिक्षणाच्या तिसऱ्या दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी तरुण भौतिकशास्त्रज्ञांना कणशोधक यंत्राचं सिम्युलेशन एकही कण न सोडता चालवायला सांगितलं. संगणकांचे पडदे कोरेच राहायला हवे होते. पण बाराही पडद्यांवर एकसारखीच वाकडी रेघ उमटली.

"पुसा ती आणि पुढे चला," विभागप्रमुख दारातूनच म्हणाले.

"कारण कळल्याशिवाय मी पुसणार नाही, सर," बाई म्हणाल्या.

त्यांनी सिम्युलेशनमध्ये रेघेच्या वाटेत शिशाची भिंत घातली. रेघ भिंतीला वळसा घालून गेली. बाईंनी कच खाल्ली नाही. त्यांनी चहूबाजूंनी भिंती उभ्या केल्या. पडदे कोरे झाले.

"बाई, फळ्यावर बघा," मागच्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली.

स्वच्छ फळ्यावर तीच रेघ पुढे सरकत होती. "अडवतेच तुला," म्हणत बाईंनी खडूने तिच्यापुढे भिंत आखली.

रेघ क्षणभर थांबली आणि बाईंच्या हाताकडे वळली.