चूलबंद आवतण

“अहो, भांडा ना आता!” शेफाली तिसऱ्यांदा म्हणाली.

धाकटी साळूबाई ओसरीच्या या टोकाला सूप घेऊन तांदूळ निवडत होती, थोरली बाळाबाई त्या टोकाला. मध्ये शेळी बांधलेली होती. अंगणात पप्पू कॅमेरा लावून घाम पुसत उभा होता. दोघी जावा एकमेकींकडे बघायलाही तयार नव्हत्या.

“संवाद पाठ आहेत ना, मावशी? ‘तू माझ्याशी अशी का वागलीस?’ इथून सुरू करा. समोर बघून, जोरात.”

“पोरी,” बाळाबाई म्हणाली, “आमी बोलतच न्हाई, तर भांडू कशा?”

शेफालीने कपाळाला हात लावला. पुण्याहून ती बारा मिनिटांचा पिच्चर काढायला आली होती, दोन जावांच्या अबोल्याचा. विंझरच्या अलीकडच्या या वाडीत तिने विचारलं, इथे कुणाचा अबोला आहे का, तर सगळ्या वाडीने एकाच घराकडे बोट दाखवलं. घर एक, चुली दोन; शेळी तेवढी अजून सामाईक. धाकटी हो म्हणाली म्हणून थोरली हो म्हणाली, आणि थोरली मागे हटेना म्हणून धाकटीही हटली नाही.

साळूबाईचा जीव मात्र पिच्चरमध्ये नव्हता. रविवारी तिच्या लेकीची, रत्नाची हळद होती. हळद कुटताना उखळात पहिलं मुसळ थोरल्या जावेनं घालायचं, ही या घराची रीत. वाडीतल्या दहा बायका येतील, गाणी म्हणतील. पण थोरली नसली तर ते मुसळ उचलायचं कुणी? पत्रिका तिने चार दिवसांपूर्वीच दिली होती. बाळाबाईच्या दाराशेजारच्या कोनाड्यात ती न उघडता पडलेली रोज दिसत होती.

“मग तुम्हाला एकमेकींना काही सांगायचं असलं तर काय करता?” शेफालीने विचारलं.

“चिंगीला सांगतो की,” साळूबाई म्हणाली. त्यात विचारण्यासारखं काय आहे, हेच तिला कळेना.

“चिंगी कोण?”

शेळीने मान वर केली.

 शेफालीने हातातल्या कागदांची घडी करून पिशवीत टाकली. “पप्पू, चालू कर. सांगा मावशी. चिंगीला सांगा.”

बाळाबाईचा हात सुपात थांबला. “चिंगे, ऐक गं. गेल्या आवणीला पावसानं माझं भाताचं रोप वाहून नेलं. हिच्याकडं रोपाच्या ढीगभर जुड्या उरल्या व्हत्या. दिल्या कुणाला? आंबवड्याच्या पाहुण्याला! माझं निम्मं खाचर मोकळं राहिलं.”

“चिंगे, इचार त्यास्नी, तोंडानं मागितलं व्हतं का? मागितलं असतं तर माझ्या खाचरातलं उपटून दिलं असतं.”

“घरच्या माणसानं मागावं लागतंय व्हय गं, चिंगे?”

“आन् घरच्या माणसाला आवतान द्यावं लागतंय व्हय, चिंगे? पत्रिका दिलीया ना!”

“दिलीया! दाराखालनं सरकवलीया! लाइटचं बिल आणणारा बी हाक मारून हातात देतोय!”

पप्पूला हसू आवरेना, कॅमेरा हलला. शेफालीने त्याला डोळ्यांनीच दटावलं.

चिंगीने मात्र पुरे झालं असं ठरवलं असावं. तिने मान झटकली, दाव्याची गाठ सुटली, आणि ती शांतपणे पायऱ्या उतरून परसातल्या फणसाकडे निघून गेली.

ओसरीवर दोघीच उरल्या. दहा महिन्यांत पहिल्यांदाच मध्ये कोणी नव्हतं.

“गेली,” साळूबाई म्हणाली. कुणाला म्हणाली, ते तिचं तिलाच कळलं नाही.

शेफाली हळूच पुटपुटली, “मावशी, शेवटचं वाक्य. ‘झालं गेलं विसरून जाऊ.’”

साळूबाईने ते वाक्य भाकऱ्या थापताना चार दिवस घोकलं होतं. आता ते ओठांवर येईना. आलं ते भलतंच.

“आक्का, रविवारी हळद कुटायचीय. पहिलं मुसळ तुमचं.”

बाळाबाईने सूप खाली ठेवलं आणि सरळ जावेकडे बघितलं. “ह्ये पिच्चरमधलं, का खरं?”

साळूबाईला कॅमेऱ्याचा तांबडा दिवा दिसला. “त्ये बंद करा आधी,” ती म्हणाली.

पप्पूने शेफालीकडे बघितलं. शेफालीने नाइलाजाने मान हलवली. दिवा विझला.

साळूबाई उठली तशी मांडीवरचं सूप कलंडून तांदूळ ओसरीभर पसरले. तिकडे न बघता ती आत गेली आणि कुंकवाचा करंडा घेऊन आली. बाळाबाईने कपाळ पुढे केलं; तोंड मात्र अजून आंबटच. साळूबाईने घाईघाईने बोट टेकवलं आणि चिमूटभर कुंकू थोरलीच्या नाकावर सांडलं.

“नाकावर पडलं, आक्का. म्हंजी भावजींचा लई जीव हाय तुमच्यावर.”

“गप गं. या वयात!” म्हणता म्हणता बाळाबाईला हसू फुटलंच.

“समद्या घराला चूलबंद आवतान हाय. रविवारी तुमच्या चुलीतनं धूर निघाला तर बघा.”

“हळकुंडं कुठली आणलीस? बाजारातली? त्यांला ना रंग ना वास. थांब, माझ्याकडं घरची हायेत.” पदराने नाक पुसत बाळाबाई लगबगीने आपल्या दारातून आत शिरली.

शेफाली पायऱ्या चढून वर आली होती. “मावशी,” तिने आत डोकावून विचारलं, “अगदी हेच, जसंच्या तसं, कॅमेरा चालू करून एकदा परत कराल?”

आतून डबे उघडल्याचा आवाज आला.

“पोरी, आवतान कुठं दोनदा देत्यात?”