टिपाडातलं पाणी

लातूर जिल्हा नवा झाला, तशी शहराच्या टोकाला वस्ती वाढली. नळ मात्र आले नाहीत. त्यात दुष्काळ. टँकरचं पाणी शिवकांता अंगणातल्या टिपाडात भरून ठेवायची, तरी दुपारून ते उतरलेलं दिसायचं. तिचा संशय समोरच्या गुणाबाईवर होता. निलंग्याकडून नवीनच आलेली बाई, कुणात मिसळायची नाही. आज शिवकांतानं दोन शेजारणींना साक्षीला दाराआड बसवलं. गल्ली सामसूम झाली, तशी गुणाबाई पदराखाली कळशी झाकून आली. तिनं टिपाडावरची फळी सरकवताच शिवकांता धावली, "सापडलीस, चोरटे!" गुणाबाईच्या हातातली कळशी निसटली, भळाभळा पाणी सांडलं. "अक्का, माझी शेळी फळी सारून पाणी पिती," ती रडत म्हणाली. "थोडं माझ्यातलं वतायला आलते. सांगायची हिंमत झाली न्हाई." शेजारणी गुपचूप निघाल्या. शिवकांतानं कळशी आपल्या टिपाडात बुडवली. "चल, आधी शेळीला पाजू."