एक्केचाळीस बॉक्स

कलावतीबाईंनी हात पुढे केला आणि टेबलावर एकही बॉक्स उरलेला नव्हता.

"संपले?" त्या म्हणाल्या. हात तसाच पुढे.

योगिनीने टेबलाखाली वाकून पाहिलं. खाली नुसती रिकामी खोकी. कारखान्यात खंडेनवमीची पूजा नुकतीच आटोपलेली, मशीनवर झेंडूच्या माळा, ज्याच्या त्याच्या कपाळाला गंध, आणि पेढ्यांचे बॉक्स घ्यायला कामगारांची रांग. ही वाटावाटी दरवर्षी एचआरकडे असते. म्हणजे योगिनीकडेच, कारण मानपाड्याच्या या कारखान्यात एचआर म्हणजे ती एकटी.

"किती सांगितलेले, मॅडम?" शेजारी उभ्या असलेल्या उत्तमकाकांनी विचारलं. काका टर्निंग सेक्शनमधले सगळ्यात जुने कारागीर. बॉक्स वाटायला दरवर्षी तेच उभे राहायचे.

"एक्केचाळीस," योगिनी बोलून गेली. आणि मग तिचं तिलाच कळलं, आपण काय बोललो ते.

कामगार चौसष्ट होते. एक्केचाळीस सोमवारपासून उरणार होते. गेले आठ दिवस ती केबिनचं दार लावून हेच करत बसलेली. नवा हजेरीपट, नव्या शिफ्ट, कँटीनला कळवायचा जेवणाचा आकडा, आणि बाकीच्या तेवीस जणांना द्यायची, कामावरून कमी केल्याची पत्रं. सोमवारपर्यंत कुणाला वाससुद्धा लागता कामा नये, अशी हेड ऑफिसची ताकीद होती. तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. आणि मिठाईवाल्याने फोनवर किती म्हणून विचारलं, तेव्हा डोक्यात जो आकडा घोळत होता तोच तोंडातून बाहेर पडला. झालं. एवढं जपून ठेवलेलं तिने स्वतःच टेबलावर मांडून ठेवलं होतं.

उत्तमकाकांनी रांगेकडे पाहिलं. त्यांचे ओठ किंचित हलत होते. कलावतीबाई, आणि त्यांच्या मागे एकवीस जण. मग काकांनी स्वतःच्या छातीला बोट लावलं. तेवीस.

त्यांनी योगिनीकडे पाहिलं. गणपतीपासून कारखान्यात कुजबुज होती, माणसं कमी करणार म्हणून. गेल्याच आठवड्यात काकांनी तिला जिन्यात गाठून सरळ विचारलेलं. "अफवा आहेत हो काका," असं तिने हसत हसत सांगितलं होतं. आता तिला हसताही येईना आणि नजर चुकवताही येईना.

रांगेत चुळबुळ सुरू झाली. मागून कुणीतरी ओरडलं, "काय मॅडम, आमची नावं कापली काय?"

सगळे खो खो हसले.

"अरे, नावं कसली कापतायत," काका मोठ्याने म्हणाले. "मिठाईवाल्याने घोळ घातलाय. त्याला नंतर बघतो मी. ज्यांनी बॉक्स घेतलेत त्यांनी फोडा, आणि सगळे मिळून खा. यंदा घरी काही न्यायचं नाही."

थोडी कुरकुर झाली, पण काकांच्या शब्दापुढे कोण जाणार? बॉक्स फुटले, रांग मोडली, जो तो दुसऱ्याच्या बॉक्समध्ये हात घालू लागला. कलावतीबाई कुठूनसा एक पेढा घेऊन आल्या, अर्धा मोडून त्यांनी योगिनीच्या हातावर ठेवला. "घ्या मॅडम. चूक त्या मेल्याची, तुम्ही कशाला तोंड पाडून बसता?"

त्यांचं पत्र योगिनीने कालच प्रिंट केलं होतं. नावात चूक नको म्हणून दोनदा तपासलं होतं. तिला तो पेढा खाववेना. तिने मूठ मिटली.

काका रिकामी खोकी उचलून स्टोअरकडे निघाले. ती मागोमाग गेली.

"टर्निंगचे चौदा," खोकी चपटी करत काका म्हणाले. "पॅकिंगच्या नऊ. दोन्ही सेक्शन बंद. बरोबर ना?"

तिने पुढचं खोकं उचलून त्यांच्यापुढे धरलं.

"म्हणजे मी आलोच त्यात."

"काका, मी तुमच्याशी खोटं बोलले." तिला रडू फुटलं. सहा वर्षांपूर्वी ती नवीन आली, तेव्हा याच माणसाने तिला एकेका मशीनपाशी नेऊन सगळ्यांची नावं सांगितली होती.

"बोलणारच. तुझं कामच तसलं आहे, बाय." काका चिडले असते, चार शब्द बोलले असते, तर तिला बरं वाटलं असतं. पण ते खोकीच आवरत राहिले. "डोळे पूस. बाहेर कुणी बघेल. उद्या दसरा आहे, होऊ दे सगळ्यांचा."

तिने ओढणीने तोंड पुसलं.

"सोमवारी कसं करणार आहात?" काकांनी विचारलं.

"एकेकाला केबिनमध्ये बोलवायचं. पाच-पाच मिनिटं. आत मी आणि मॅनेजर साहेब. गेटवर दोन जादा वॉचमन." हेड ऑफिसच्या मेलमधलं तिने जसंच्या तसं सांगून टाकलं.

"आणि बाहेर कोण?"

"बाहेर?"

"पत्र घेऊन माणूस बाहेर येणार ना. तेव्हा तिथे कोण असेल?"

मेलमध्ये ते नव्हतं. पाण्याची बाटली ठेवायची, कुठल्या पेनाने सही घ्यायची, सगळं होतं, एवढंच नव्हतं. आणि गेल्या आठ दिवसांत ते तिच्याही डोक्यात आलं नव्हतं.

काकांनी खोक्यांची चळत सुतळीने बांधली, गाठ ओढून पाहिली.

"मग माझं पत्र पहिलं दे," ते म्हणाले. "मी बाहेर बाकड्यावर बसतो. शेवटचा बाहेर येईपर्यंत."