शेवटपर्यंत सोडली नाही

“ओढ! दांडी पोटाशी ओढ!” कॅप्टन हॅलिवेल खालून ओरडत होते. दोन हजार फुटांवर ते ऐकू जाणे शक्य नव्हते. त्यांचा विद्यार्थी ट्रेलोअर याचे विमान वाळल्या पानासारखे गरगरत खाली येत होते.

विमान चालवायची दांडी ओढली की त्याचे नाक वर येते. लिंकनशायरच्या त्या मैदानावर हॅलिवेल पहिल्याच दिवशी हे शिकवीत. तरीही गिरकीत सापडलेला एकही विद्यार्थी वाचला नव्हता. १९१६ च्या त्या एका उन्हाळ्यात सहा जण गेले. युद्ध त्यांनी पाहिलेही नव्हते. प्रत्येकाच्या आईला हॅलिवेलच पत्र लिहीत. त्यातले एक वाक्य अगदी खरे असे, कारण मृतांच्या मुठी त्यांनी स्वतःच्या हातांनी उलगडल्या होत्या : ‘त्याने शेवटपर्यंत दांडी सोडली नाही.’ मिसेस नॉरबरींनी तर ते मुलाच्या थडग्यावर कोरून घेतले होते.

“सकाळीच म्हणाला, डॉब्स, माझ्या वाटणीचं पुडिंग राखून ठेव,” म्हातारा मेकॅनिक डॉब्स पुटपुटला. “राखायचं का आता, साहेब?”

 सातव्या पत्राची पहिली ओळ हॅलिवेलांच्या मनात जुळू लागली होती.

एल्मच्या झाडांच्या शेंड्यांवर गिरकी एकाएकी थांबली. विमानाने सरळ खाली सूर मारला, सावरले, आणि उड्या घेत बीटच्या शेतात जाऊन टेकले.

ट्रेलोअर उतरला तो मान खाली घालून. “मी भ्यालो, साहेब. ओढून ओढून हात गेले, तरी गिरकी थांबेना. म्हटलं, मरायचंच तर लवकर सुटू दे. डोळे मिटले आणि दांडी पुढे ढकलून दिली.”

“पुढे?”

“हो. तर ते आपलं आपणच सरळ झालं. माझ्या आईला मात्र कळवू नका, मी हरलो म्हणून.”

“चल रे गाढवा, पुडिंग निवतंय,” डॉब्स डोळे पुसत म्हणाला.

हॅलिवेल त्यांच्यामागून गेले नाहीत. कुंपण ओलांडून ते चर्चच्या आवारात आले आणि नॉरबरीच्या थडग्यापाशी टोपी काढून उभे राहिले. स्वतःचे वाक्य त्यांनी पुन्हा वाचले. अगदी सावकाश.

नॉरबरी गुणी मुलगा होता. शिकवले तसेच त्याने शेवटपर्यंत केले होते.