संबंध असलेल्यांनी बाहेर थांबावे

‘माझाही संबंध आहे. मीही बाहेर थांबतो,’ म्हणत हॉटेलवाल्याने खुर्ची मागे सरकवली, तेव्हा मात्र बाईंची खात्री पटली, इथे कुठेतरी पाणी मुरतंय.

त्याच्याआधी वकील उठला होता, त्याच्याआधी, सचिवाने नुसता विषय वाचताच, आर्किटेक्ट. शहराच्या आर्थिक विकास सल्लागार मंडळात माणसं इनमीन पाच. त्यांतली तीन एकाच प्रस्तावावर बाहेर!

बाई म्हणजे मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. मंडळावर आल्या आल्या त्यांनी भांडून नियम करून घेतले होते. प्रस्ताव कुणाचा, हे मंडळाला सांगायचं नाही. नावं नगरपालिकेतच राहतील, मंडळापुढे येईल ती फक्त योजना. खोलीत तर कुणाचं नावही काढायचं नाही. आणि एवढं करून कुणाचा कामाचा किंवा नात्याचा संबंध निघालाच, तर त्याने तसं सांगून बाहेर जायचं. उरलेल्यांनी ठरवायचं.

‘आत एकच माणूस उरला तरी चालेल,’ बाई म्हणाल्या होत्या. ‘पण तो स्वच्छ हवा.’

स्वतः तर त्या नियमाच्याही पुढे. भाऊ असो, शेजारीण असो, घरातली लेक असो, कुणी मंडळाचा विषय काढला की बाई हात वर करायच्या. ‘तो विषय नको.’ समोरच्याला वाक्य अर्ध्यातच गिळावं लागायचं.

आता अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

‘बाई, माझी सून तिथे कामाला लागणार आहे. म्हणजे मलाही उठलं पाहिजे.’

‘तुम्हीसुद्धा?’

‘नियम तुमचाच आहे.’ ते दारापर्यंत गेले आणि थबकले. ‘तुम्ही बसणार आहात?’

‘मी कशाला उठू?’

‘अहो, पण हा प्रस्ताव तर—’

‘नाव नको!’ बाई कडाडल्या. ‘खोलीत नाव घ्यायचं नाही, साहेब.’

अध्यक्षांनी सचिवाकडे पाहिलं. सचिवाने खांदे उडवले. अध्यक्ष गेले.

बाई बुचकळ्यात पडल्या. मघाशी वकीलही जाताना असाच टकामका बघत राहिला होता. आर्किटेक्टने तर दारातून चक्क खूण केली होती, बाहेर या म्हणून. बाहेर नेऊन कानात काय सांगणार होता? बाईंनी तेव्हा तोंड फिरवलं होतं. आता समोरच्या चार रिकाम्या खुर्च्या बघून त्यांना कसंतरीच झालं. एकाच योजनेत चौघांचे हात कसे?

‘वाचू या,’ त्या सचिवाला म्हणाल्या.

जुन्या कापड कारखान्याची बंद पडलेली शेड. ती भाड्याने घेऊन तिथे शिलाईचं काम सुरू करायचं. कारखाना बंद झाल्यावर घरी बसलेल्या बायकाच मालकीण. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी, गणवेश. मुलांना सांभाळायला शेजारी एक खोली.

बाईंनी लाल पेन उघडून ठेवलं होतं. पहिल्या पानावर चूक सापडेना, दुसऱ्यावरही नाही. शंका निघावी आणि पुढच्याच ओळीत तिचं उत्तर असावं. मशीन बिघडलं तर काय? लिहिलं होतं. एखादीने मधेच सोडलं तर? तेही लिहिलं होतं. कुठे थापेबाजी नाही की मोठमोठे शब्द नाहीत.

बाईंना कळेना. माणसं गुंतलेली, मग कागद एवढा चोख कसा? चोख आहे म्हणूनच संशय घ्यायचा? त्यांनी खिडकी उघडली, बंद केली, पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

‘लिहिणाऱ्याला डोकं आहे,’ त्या शेवटी म्हणाल्या. ‘आणि माणसांची जाणही.’

मनात आलं, हे लेकीला दाखवायला हवं. चांगली नोकरी सोडून आली आणि दिवसभर उन्हातान्हात कुठे कुठे हिंडते. विचारलं की म्हणते, ‘सांगेन, तू ऐकून घेशील तेव्हा.’ तिला म्हणावं, बघ, जिद्दीची माणसं कशी कामाला लागतात! मग आपलाच नियम आठवून बाई ओशाळल्या.

‘काय करायचं, बाई?’ सचिवाने विचारलं.

‘माणसं बघायची नाहीत, योजना बघायची. याचसाठी तर नियम केला ना?’ बाईंनी सही केली. ‘शिफारस मंजूर. एकमताने म्हणा हवं तर.’

सचिव हसला. निर्णय लगेच लोकांसमोर यावा, हाही बाईंचाच नियम. सचिवाने कागद बाहेरच्या फलकावर लावला आणि त्याचा फोटो नगरपालिकेला पाठवून दिला.

बाई बाहेर आल्या. चौघं बाकावर खाली मान घालून बसले होते. स्थानिक वर्तमानपत्राचा वार्ताहर फलकाचा फोटो घेत होता.

‘लिहून घ्या,’ बाई त्याला म्हणाल्या. कितीतरी दिवसांनी त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा खणखणीत लागला होता. ‘चौघांचे हितसंबंध होते, चौघं बाहेर गेले. जिचा काडीचा संबंध नव्हता, तिने निर्णय दिला. कारभार असा उघड्यावर चालला पाहिजे.’

वार्ताहराने लिहून घेतलं. बाकावरच्या चौघांनी माना वर करून बाईंकडे पाहिलं.

‘असे बघता काय माझ्याकडे?’ बाई म्हणाल्या.

वकील उठला. त्याने वार्ताहराकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

‘बाई, मी करार लिहून दिला, म्हणून उठलो. यांनी नकाशा काढला, हे चादरी घेणार, साहेबांची सून कामाला लागणार. आम्हाला वाटलं, सगळ्यांच्या आधी तुम्ही उठाल. प्रस्ताव तुमच्या लेकीचा आहे.’