बारा सेकंद

स्नेटरटनच्या ट्रॅकवर माझा नवरा विल्फ मोटारींच्या शर्यतीत उतरला, की मागची गाडी किती सेकंदांवर आहे ते पाटीवर लिहून मी त्याला दाखवायची. माझी शाळा बेताचीच, पण घड्याळ मी कधी चुकले नाही. त्या रविवारी तो जिंकला असता, तर मोठ्या संघाने त्याला उचललं असतं. तिथे दरसाल एखादी विधवा व्हायची. मागचा दोन सेकंदांवर होता. मी लिहिलं, बारा. विल्फने ॲक्सिलरेटरवरचा पाय सैल सोडला आणि तो हरला.

चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त करत तो त्या इंजिनाला शिव्या घालत राहिला. "फितूर कुठलं!"

परवा चहा ओतताना मीच म्हटलं, "इंजिनाचा दोष नव्हता, विल्फ."

"ठाऊक आहे, हिल्डा. गाडीला आरसा होता."

"मग इंजिनाला शिव्या कशाला घातल्यास?"

"इंजिनाला कुठे?" तो माझ्याकडे बघत म्हणाला. "साखर दे."