कॅचरचा हात

हे लिहिणारच नव्हतो, पण लिहितो. वेद आमच्या सिडनीतल्या ब्लॅकटाउनच्या बेसबॉल टीमचा स्टार पिचर, इथेच वाढलेला. खांद्याच्या ऑपरेशननंतर त्याला परत साइन करायचं की नाही, ते आज ठरणार होतं. कोच मला म्हणाला, "मेट, इतकी वर्षं त्याचे बॉल तूच पकडतोस. आता तूच सांग."

वेदने जीव तोडून बॉल टाकले. प्रत्येक बॉलनंतर मी ग्लोव्ह काढून हात झटकला. "आई गं! अरे, मारतोस का मला?" कोच हसला आणि कॉन्ट्रॅक्ट आणायला ऑफिसात गेला.

वेद हसत नव्हता. जवळ येऊन त्याने माझा तळवा उलटा करून बघितला. पूर्वी त्याच्या बॉलने तो लालबुंद व्हायचा, संध्याकाळी मोबाइलही धरवायचा नाही. आज साधा वळही नव्हता.

"नाटक्या. दुखलंच नाही ना?"

मी हात मागे ओढून घेतला.

"जा, कोचला खरं सांग. माझ्याच्याने आता पिचिंग नाही होणार."

"सांगतो," मी म्हणालो. "पण रविवारी आर्व्होला, दुपारचा, इथेच ये. तू टाक, मी पकडतो. आणि शपथ, परत कधी खोटं ओरडणार नाही."